पट्टी यंत्राची, पारख कानाची

गाण्याची पट्टी ओळखणारे मोबाइल अ‍ॅप एम्युलेटर वापरून संगणकावर चालवले की उत्तर अधिक अचूक येते, हे अर्धेच खरे. अ‍ॅप मायक्रोफोनवरून ऐकत असेल, तर खोलीतला घुमारा आणि पंख्याची घरघर तिथेही आत शिरतेच. ध्वनिफाइल थेट देता आली, तरच फायदा. पण तेव्हाही यंत्र बहुधा बारा स्वरांपैकी कोणता किती वाजला हे मोजून ठरावीक साच्यांशी ताडते. असे प्रसिद्ध साचे क्रमहान्सल आणि केसलर यांनी १९८२ मध्ये श्रोत्यांवरील प्रयोगांतून मांडले, आणि ते पाश्चात्त्य मेजर-मायनरचे आहेत. पांढरी एकचा मेजर आणि पांढरी सहाचा मायनर यांचे सातही स्वर तेच, म्हणून यंत्र तिथे चकते. भूप आणि देशकार या रागांतला फरक तर नुसत्या मोजणीत पुरता सापडणार नाही. तो वादी स्वरात आणि चलनात आहे.

साथीदाराला घाईत पट्टी हवी असते, तेव्हा अ‍ॅपचे उत्तर पुरे, असे कोणी म्हणेल. सुरुवातीपुरते पुरेही. पण सांगितलेला षड्ज पेटीवर धरून गाणे त्यावर विसावते का, हे ऐकायला क्षणच लागतो. अ‍ॅप जरूर वापरा. शिक्कामोर्तब मात्र कानालाच करू द्या.