सूर कोणाचा, नाव कोणाचे?

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो आणि लिहितो मराठीत. तर्जुमा हा माझ्या रोजच्या जगण्याचा भाग. त्यामुळेच असेल, योहानेस ब्राम्सचे 'हंगेरियन डान्सेस' ऐकताना मला संगीताइतकाच त्यामागचा हक्काचा प्रश्न छळतो.

ब्राम्स जर्मन. 1853 साली, ऐन विशीत, त्याने एदे रेमेनी या हंगेरियन व्हायोलिनवादकाला साथ करीत मैफलींचा दौरा केला. त्या सुरांची ओढ त्याला आयुष्यभर राहिली. एका पियानोवर दोघांनी मिळून वाजवायची 21 नृत्ये त्याने लिहिली. पहिली दहा 1869 मध्ये छापली, उरलेली 1880 मध्ये. यांतली तीनच, म्हणजे पहिले, तिसरे आणि दहावे, त्याने स्वतः ऑर्केस्ट्रासाठी बांधली. शेवटची पाच द्वोर्झाकने बांधली, बाकीची इतरांनी. जगभर गाजलेले पाचवे नृत्य ऑर्केस्ट्रात ऐकतो, तेव्हा ती मांडणी ब्राम्सची नसते. चाल तरी त्याची का? तीही केलेर बेलाच्या एका चार्दाशची. ब्राम्स तिला लोकधून समजला होता. मात्र या नृत्यांना त्याने आपल्या रचनांचा ओपस क्रमांक दिला नाही. आपण मांडणी करतो आहोत, ही त्याची भूमिका होती. हा प्रामाणिकपणा मला मोठा वाटतो.

फ्रान्झ लिस्टचेही तसेच. त्याच्या 19 हंगेरियन ऱ्हॅप्सडींपैकी सहा ऑर्केस्ट्रात आल्या, त्या फ्रान्झ डॉपलरच्या मदतीने. पियानोवर तो सिम्बलॉमचा, म्हणजे आपल्या संतूरच्या भावंडाचा, भास निर्माण करतो. आधी संथ लय, मग द्रुत. आपल्या कानाला हे परके वाटत नाही. 1859 च्या आपल्या पुस्तकात लिस्टने हे संगीत मुळात रोमा लोकांचेच असल्याचे सांगितले. हंगेरीत त्यावर मोठा गहजब झाला. पुढे बार्टोक आणि कोदाय खेडोपाडी फिरले, तेव्हा शेतकऱ्यांचे जुने संगीत वेगळेच निघाले. शहरातल्या बऱ्याच चाली हंगेरियन रचनाकारांच्या होत्या. त्यांत जीव ओतला तो रोमा वादकांनी.

हे रोमा कोण? शेकडो वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून निघालेल्यांचे वंशज. त्यांच्या भाषेत पाण्याला आजही 'पानी' म्हणतात. यानोश बिहारीसारखा एखादाच वादक नावाने उरला. त्याच्याही चाली इतरांनी लिहून ठेवल्या. 1940 च्या 'द ग्रेट डिक्टेटर'मध्ये चॅप्लिनचा ज्यू न्हावी याच पाचव्या नृत्यावर गिऱ्हाइकाची दाढी करतो. जग हसले. त्याच वर्षांत हिटलरच्या राजवटीने ज्यूंबरोबर लाखो रोमांचाही संहार केला. ज्यांच्या वादनावर युरोप डोलला, त्यांना जगण्याचा हक्कसुद्धा उरला नाही.

कला एका हातातून दुसऱ्या हातात जाणारच, जायलाच हवी. तर्जुमा थांबला तर भाषा कोंडून मरतील. पण घेणाऱ्याने देणाऱ्याचे नाव घ्यावे, आणि नाव हरवले असेल तर निदान त्याची माणसे ओळखावीत. सुरावर प्रेम आणि माणसाचा तिरस्कार, हा कसला रसिकपणा?