भुरभुर

"आत्या, तिथं पाऊस लई पडत असंल ना?"

शेजारची पोरगी सोयाबीनच्या पोत्यावर बसून विचारत होती. बारावीला आहे, गणितात जीव रमतो तिचा. केंब्रिजला अर्ज करायचं तिनं मनात घेतलंय. अर्जाची शेवटची तारीख 15 ऑक्टोबर, नेमकी सुगीत येणारी. ताडकळसच्या शेतकऱ्याच्या घरची ती, पहिला प्रश्न पावसाचाच निघाला.

मी तिथं एक वर्ष राहून आले. म्हटलं, नाही गं, आपल्या परभणीपेक्षा कमी पडतो. इंग्लंडचा तो पूर्वेकडचा भाग कोरडाच. वर्षाकाठी साडेपाचशे-पावणेसहाशे मिलिमीटर. तिला खरं वाटेना. मलाही वाटलं नव्हतं, कारण नदीकाठचं गवत बारमाही हिरवंगार. फरक पडण्याच्या रीतीत आहे. आपल्याकडं तो चार महिन्यांत येतो, त्यातही मोजक्या दिवसांत कोसळतो, बांध फोडतो आणि मग डोळे लावून बसवतो. तिथं तो वर्षभर भुरभुरतो. अंगावरचा कपडा भिजत नाही, पण माती पुरती वाळतही नाही.

शिकवणंही तसंच. सत्र आठ आठवड्यांचं, वर्षात तीन. व्याख्यानं असतातच, पण जीव आहे तो सुपरव्हिजनमध्ये. शिक्षक एक, समोर एक-दोन, फार तर तीन विद्यार्थी आणि तासभर बोलणं. आधी निबंध लिहून किंवा गणितं सोडवून द्यायची, मग त्या कागदावर बोलायचं. माझ्या पहिल्या भेटीत बाईंनी माझं एक वाक्य पेन्सिलीनं अधोरेखित केलं आणि हळूच विचारलं, "हे तुला का वाटतं?" खिडकीबाहेर भुरभुर चालू होती. मी गप्प. उत्तर मला पाठ होतं, कारण ठाऊक नव्हतं. त्या घाई न करता थांबल्या. एवढी वाट माझ्या उत्तराची त्याआधी कुणी पाहिली नव्हती.

गणितात पहिल्या वर्गात येणाऱ्याला तिथं रँग्लर म्हणतात. मूळ अर्थ वाद घालणारा. र. पु. परांजपे कोकणातल्या मुर्डीचे. 1899 मध्ये तिथल्या गणिताच्या परीक्षेत ते विभागून पहिले आले आणि रँग्लर हा शब्द मराठी घरांत मानाची पदवी होऊन राहिला. भांडून, तपासून मिळवलेलं ज्ञान असा त्याचा अर्थ मात्र इकडं येताना गळून पडला. जयंत नारळीकर 1957 मध्ये बनारसहून तिथं गेले, 1972 मध्ये मुंबईला परतले. त्यांचं 'चार नगरांतले माझे विश्व' मी पोरीच्या हातात ठेवलं. त्या चार नगरांत केंब्रिज आहे. कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा हे पुस्तक आधी वाच, म्हटलं.

शहर जुनं आहे. 1209 मध्ये ऑक्सफर्डला गावकऱ्यांशी बिनसलं, म्हणून तिथून निघालेली काही विद्वान मंडळी कॅम नदीकाठी येऊन राहिली. आज तिथं 31 कॉलेजं आहेत. सगळे सायकलवर, आणि उन्हाळ्यात भर गावातल्या कुरणात गाई चरतात.

संध्याकाळी किंग्ज कॉलेजच्या चॅपेलमध्ये प्रार्थना गातात. सत्र चालू असलं की कुणीही जाऊन बसावं, पैसे पडत नाहीत. पायाभरणी 1446 मधली, दगडी छत पुरं झालं 1515 मध्ये. मेणबत्त्यांच्या उजेडात मी वर पाहिलं आणि पाहतच राहिले. खांबाच्या माथ्यावरून दगडाच्या शिरा पंख्यासारख्या फुटत जातात आणि मधोमध एकमेकींना भिडतात. ताडाच्या पानांसारख्या अगदी. माझ्या गावाच्या नावातच ताड आहे. त्या परक्या छताखाली मी सैल होऊन बसले.

फिलिपा फॉसेटचं मी मुद्दाम सांगितलं. 1890 मध्ये गणितात पहिल्या आलेल्या मुलापेक्षा तिचे गुण जास्त होते, पण पदवी मिळाली नाही. मुलींना पूर्ण पदवी द्यायला त्या विद्यापीठानं 1948 उजाडू दिलं. पोरगी काही बोलली नाही, फक्त ते साल पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

पैशाचं अवघड आहे, तेही लपवलं नाही. पदवी इथं करून पुढं जाणं जास्त जमण्यासारखं आहे. गेट्स केंब्रिज शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जातींच्या मुलामुलींसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. दोन्ही कागदावर लिहून दिल्या.

तेवढ्यात आभाळ भरून आलं. दोघींनी ताडपत्रीची टोकं धरली. मी सांगत होते, केंब्रिजहून उत्तरेला गाडी निघाली की सपाट रानं लागतात, माती काळीभोर. पहिल्यांदा पाहिली तेव्हा खिडकीला नाक लावून बसले होते. आपली काळ्या खडकाची, तिथली दलदलीत कुजलेल्या लव्हाळ्याची.

"भेगा पडत्यात का तिला?" टोकावर दगड ठेवत तिनं विचारलं.

"ती बसत जाते. चारशे वर्षांपूर्वी चर खणून पाणी काढायला लागले, तेव्हापासून ते रान खालीखालीच चाललंय. आता नद्या वरून वाहतात आणि शेतं खाली."

ती हात झटकून उभी राहिली. "का बसती पण?"