मिठाचा पुडा किती दिवस पुरतो?

मिरजेत बाहेरचा माणूस बहुधा दोन कारणांनी उतरतो. एक गाडी बदलायला, दुसरे दवाखान्यात जायला. १८९४ साली डॉ. वॉन्लेस यांनी येथे रुग्णालय सुरू केले. १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. कर्नाटकातले रोगीसुद्धा येथे येतात. आम्ही मिरजकर मात्र लकवा मारेपर्यंत रक्तदाब मोजून घेत नाही!

वस्तीत घरोघर आम्ही याविषयी बोलतो, तेव्हा उत्तर ठरलेले असते, 'बीपी हा खुर्चीवर बसणाऱ्यांचा रोग. आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कसला व्यायाम?' बंधूंनो, कष्ट आणि व्यायाम एक नव्हेत. ओझे उचलताना श्वास कोंडतो आणि रक्तदाब त्या क्षणी चढतो. हात मोकळे सोडून झपझप चालताना श्वास तालात चालतो, रक्तवाहिन्या सैल होतात. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस एवढे चालणे पुरे. त्याला पैसा लागत नाही. आम्ही नवराबायको कामावरून आल्यावर चालून येतो, मगच जेवतो.

पण नुसते चालूनही भागत नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने २०१० साली वजन जास्त व रक्तदाब वाढलेल्या लोकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. चार महिन्यांत केवळ आहार बदललेल्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ११ अंकांनी उतरला. आहाराबरोबर व्यायाम करून वजनही कमी करणाऱ्यांचा १६ अंकांनी उतरला. दोन्ही हातांनी ओढले तर गाडा लवकर हलतो.

त्यांचा आहार म्हणजे भाज्या, फळे, कडधान्ये आणि कमी साईचे दूध-दही. आपल्याकडे ज्वारीची भाकरी, मेथी, शेपू, मटकीची उसळ, बिनमिठाचे ताक, केळे, पेरू हे सारे बाजारात मिळते. मुख्य अडचण मिठाची आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे सपाट एक चमच्याहून कमी मीठ खावे. हिशोब करा. पाच माणसांच्या घरात एक किलोचा पुडा निदान ४० दिवस पुरला पाहिजे. भडंग, फरसाण, पापड यांतले मीठ वेगळेच. पुडा फोडाल त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा, म्हणजे कळेल.

आमच्या घरी ताटाशेजारची मिठाची वाटी उचलली, पापड रविवारपुरता ठेवला. आठ-दहा दिवस आमटी पाणचट लागली, मग जीभ रुळली. सुकट घरी आणली तर दोन पाण्यांनी धुऊन घेतो.

हिशोबात एक गोष्ट सुटते. घरातली बाई सर्वांच्या शेवटी जेवते. तोवर भाजी संपलेली असते. मग ती भाकरी खर्ड्याशी नाहीतर लोणच्याशी खाते. घरातले सर्वांत जास्त मीठ तिच्याच ताटात पडते आणि रक्तदाब मोजायलाही तीच शेवटी जाते.

तेव्हा तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, स्त्री असो वा पुरुष, वर्षातून एकदा तरी सरकारी दवाखान्यात रक्तदाब मोजावा. तो १४० आणि ९० च्या पुढे गेला तर पुन्हा मोजून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गोळ्या चालू असतील त्यांनी बरे वाटते म्हणून मनाने बंद करू नयेत. आणि आज रात्री भाजी वाढताना पहिली वाटी घरातल्या बाईसाठी काढून ठेवावी.