रेवसची वाट

भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लांच सुटली, तेव्हां आम्हीं सहज घड्याळ पाहिलें. मुंबईहून अलिबागला खुष्कीनें जावें, तर जवळजवळ शंभर किलोमीटरांचा वळसा; जलमार्गें मात्र तास-सव्वा तासांत रेवस, आणि पुढें अलिबाग वीस-पंचवीस किलोमीटर. केवढी ही सोय!

इतक्यांत शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनीं काशाच्या खडकाच्या दिशेस बोट दाखविलें. १७ जुलै १९४७ रोजीं, ऐन पावसाळ्यांत, रेवसला निघालेली ‘रामदास’ आगबोट तेथें बुडाली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्यांचा तो एक तास कधींच पुरा झाला नाहीं.

लांच रेवसला लागली. किती वेळ लागला, हें पाहण्याचें भान आम्हांस उरलें नव्हतें. सुखरूप पोहोंचलों, हेंच पुष्कळ वाटलें.