मरियेच्या मुखाचा रंग

आमच्या नवी मुंबईच्या धर्मग्रामात नाताळच्या पत्रिकेचे मुखपृष्ठ धर्मशिक्षण वर्गातील मुले रंगवतात. कार्यालयातील जुन्या संगणकावर 'पेंट' नावाची साधी सोय आहे, तीवर हे काम चालते. गेल्या आगमनकाळात आठवीतील एका मुलीने पवित्र मरियेचे चित्र काढले. रेषा सुरेख होत्या, मुख मात्र गडद तपकिरी होते. आम्ही सहज म्हणालो, "बाळ, चेहरा जरा उजळ कर." आणि तयार रंगांतील फिकट गुलाबी चौकोनाकडे बोट दाखवले.

ती क्षणभर गप्प राहिली. मग मान खाली घालून म्हणाली, "फादर, तो रंग आमच्या घरात कुणाचाच नाही. हा मी आईचा हात बघून केलाय."

तिने रंग कसा केला, ते आम्ही विचारले. तयार रंग पुरेनात, तेव्हा आपला रंग आपण घडवण्याची एक चौकट उघडते. तीत तांबडा, हिरवा आणि निळा यांचे प्रमाण 0 ते 255 या आकड्यांनी द्यायचे. तिन्ही शून्य म्हणजे काळा, तिन्ही 255 म्हणजे पांढरा. हे दोन्ही धरून एकूण छटा 1,67,77,216. आमच्या बालपणी रंगपेटीतील तांबडा व हिरवा मिसळला की चिखल होई. येथे प्रकाश मिसळतो, म्हणून त्या दोहोंचा पिवळा होतो. तपकिरीसाठी तांबडा अधिक, हिरवा कमी, निळा त्याहून कमी. तिचे आकडे होते 141, 92, 66. आमच्या त्या संगणकावर 'पेंट' बंद केले की घडवलेला रंग पुसला जातो. म्हणून तिने ते वहीत टिपून ठेवले होते.

आम्हांला गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका (1902–1967) आठवले. शांतिनिकेतनात शिकून आलेल्या या कलावंताने मरियेला साडी नेसवली, सावळा वर्ण दिला. त्यापायी स्वकीयांचा रोष पत्करून ते पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले. त्यांच्यावर झालेल्या अन्यायाविषयी आम्ही प्रवचनांतून हळहळलो आहोत. आणि त्या दुपारी तोच अन्याय आमच्याच बोटाने एका लेकराच्या चित्रावर करीत होतो.

देवाच्या पुत्राने मानवी देह धारण केला, हे आम्ही सेमिनरीत वर्षानुवर्षे अभ्यासले. त्या देहाचा रंग मात्र आम्ही तयार चौकोनातून उचलला होता. आम्ही त्या मुलीची क्षमा मागितली. चित्र जसेच्या तसे छापावयास दिले.

पत्रिका छापून आली तेव्हा शाईने रंग पडद्यावरच्याहून थोडा अधिकच गडद झाला होता. आम्ही हिरमुसलो. ती मात्र कागद निरखून म्हणाली, "चालेल, फादर. आई उन्हातून आली की अशीच दिसते."