भाल्याची नळी

पहिला भाला मी गंज पाहून घेतला. विकणाऱ्याने पानिपतचं, १७६१चं नाव काढलं आणि पुढे काही तपासावं असं मला वाटलंच नाही. पात्यावर सगळीकडे सारखाच नारिंगी थर होता. बोट फिरवलं की भुकटी हाताला लागायची. शंका तिथेच यायला हवी होती. जुना गंज काळपट तपकिरी, घट्ट बसलेला असतो. ओल जिथे धरते तिथे तो खड्डे पाडतो, बाकीचं पातं बऱ्यापैकी शाबूत राहतं. नंतर दांडा काढला आणि तो बसवायच्या नळीत टॉर्च मारला. बाहेरून ग्राइंडरने सपाट केलेला सांधा आतून उघडा होता, वेल्डिंगच्या मण्यांची रांगच. विजेचं वेल्डिंग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं.

पैसे गेले ते गेले. त्यानंतर जी चूक केली तिची भरपाई नाही.

सातारा जिल्ह्यातल्या एका वाड्यात देवघरात भाला होता. एकदा फसल्यामुळे मी सगळ्याच वस्तूंकडे संशयाने पाहत होतो. पातं लखलखीत, दांडा नव्या बांबूचा, रंगवलेला. ‘‘आजोबा, हा अलीकडचा आहे,’’ असं घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगून मी मोकळा झालो. बांबूला भुंगा लागतो, दांडा बदलावाच लागतो. त्यावरून पात्याचं वय ठरत नाही, हे मला ठाऊक होतं. पातं लखलखत होतं कारण दर खंडेनवमीला ते चिंच-राखेने घासलं जाई. आजोबा तेच सांगत होते, मी ऐकून घेतलं नाही.

तिथे काढलेले फोटो पुढे कधीतरी मोठे करून पाहिले. नळी पोलादी पत्रा वळवून केलेली, एक कड दुसरीवर चढवून घणाने जोडलेली. शिवण किंचित वाकडी. पात्याच्या मुळाशी बारीक चऱ्यांचं जाळं आणि त्यात अडकलेला सोन्याचा कण. कोफ्तगिरीत, म्हणजे पोलादावर सोन्याची तार ठोकून नक्षी करताना, ती धरून राहावी म्हणून आधी असे चरे पाडतात. वरचं सोनं झिजलं तरी ते दिसत राहतात. वरून सोनेरी मुलामा चढवणारा एवढे कष्ट घेत नाही.

मी लगोलग गेलो. वाडा पाडताना आजोबांच्या मुलांनी माझ्या शब्दावर विसंबून भाला भंगारात दिला होता. भंगारवाल्याला गाठलं, पण माल केव्हाच भट्टीत गेला होता. आजोबांना मी सगळं सांगितलं, फोटो दिले, फोटोंच्या मागे माझ्या हाताने खरी माहिती लिहून दिली. आता कुणी भाला दाखवला तर नळीच्या आत पाहिल्याशिवाय आणि तो घरात कोण, कशाने घासतं हे विचारल्याशिवाय मी मत देत नाही.