फरशीच्या तुकड्यांवर उभा असलेला पंप

काल लातूरला बार्शी रोडनं येताना एका साइटवर बूम पंप उभा दिसला. मागच्या पायाखाली शहाबादी फरशीचे तुकडे, बाजूला पाणी साचलेलं. गाडी थांबवली. घरी येऊन हे लिहायलोय, लांबलंय, पण वाचा.

काही वर्षांपूर्वी नांदेडला चौथ्या मजल्याचा स्लॅब होता. इंजिनिअर मीच. ३६ मीटरचा पंप हैदराबादहून आलेला, जुलै महिना, आदल्या रात्री पाऊस. ऑपरेटर बिहारचा पोरगा. पाय टाकायच्या आधी तो जमिनीवर टाच आपटत फिरला आणि म्हणाला, "सर, यहाँ मिट्टी भरी हुई है. स्लीपर चाहिए." तिथं पंधरा दिवसांपूर्वी ड्रेनेजचा चर बुजवला होता. मला माहीत होतं. लाकडी स्लीपर साइटवर नव्हते, तीन मिक्सर रांगेत उभे होते. मी सेंट्रिंगच्या दोन फळ्या दिल्या आणि म्हणालो, "चल रे, काही होत नाही."

आता हिशेब बघा. गाडीच्या पायावर किलोन्यूटनमध्ये आकडा छापलेला असतो. २०० म्हणजे साधारण २० टन. बूम ज्या पायाच्या दिशेनं वळतो, बहुतेक भार त्या एका पायावर जातो. पायाखालची पाटी अर्धा मीटर बाय अर्धा मीटर धरली तर चौरस मीटरला ८० टन दाब झाला. आपल्या भिजलेल्या काळ्या रानानं १० टन पेलले तरी नशीब! म्हणून खाली भक्कम स्लीपर, खड्ड्याच्या काठापासून निदान खड्ड्याच्या खोलीएवढं अंतर, आणि भरावावर पाय नाहीच. वर १२५ मिलिमीटरच्या पाइपात मीटरला जवळपास ३० किलो काँक्रीट असतं. पूर्ण बूम भरला की नुसतं काँक्रीटच टनभर.

शेवटचा कोपरा राहिला होता. बूम तिकडं वळला आणि मागचा पाय हळूच खाली गेला. रस्त्याकडचा पाय जमिनीपासून वीतभर उचलला. पोरानं आधी पंपिंग बंद केलं, मग बूम इंच-इंच जवळ घेतला. घाबरून झटका दिला असता तर? वर होजपाशी एकजण, खाली दोन बायका घमेली घेऊन. त्यांना कळलंही नाही.

शहापूरला १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे समृद्धीच्या कामावर गर्डर लाँचर कोसळून २० जण गेले, तेव्हा सगळा महाराष्ट्र बोलला. आमच्या गल्लीतला पाय फूटभरच खचला, म्हणून त्याची नोंद कुठंच नाही. बांधकाम परवानगीच्या नकाशात पार्किंग दाखवावं लागतं. पंप कुठं उभा राहणार, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पायाच्या सांध्यात वेल्डिंगला केसाएवढी भेग दिसली. अशा झटक्यात चेसिस पिळवटतो. मालकानं वरून वेल्डिंग मारली, रंग लावला, आणि तिसऱ्या दिवशी गाडी लातूरला दुसऱ्या स्लॅबवर. मी गप्प बसलो. उलट बोललो असतो तर माझाच स्लॅब निघाला असता.

कालच्या साइटवरचा इंजिनिअर पंचविशीतला. म्हणाला, "काका, मिक्सर थांबलेत." मी म्हणालो, "थांबू दे." तो जरा वेळ माझ्याकडं बघत राहिला, मग स्लीपरसाठी फोन लावला. पाऊण तास गेला. मी तिथंच उभा होतो.